ढमामावशीची हाक

फोनवर मला आयुष्यभर लोक ‘साहेब’ म्हणत आले. अंबडच्या एका कारखान्यात मी टेलिफोन बोर्डावर बसायची. “साहेब, जरा परचेसला जोडून द्या ना,” असं समोरून आलं की सुरुवातीला मी सांगायची, अहो, मी बाई आहे. मग समोरचा माणूस इतका ओशाळायचा की कामाचं राहायचं बाजूला आणि तो माफीच मागत बसायचा. शेवटी मी तो नाद सोडला. तावातावानं तक्रार करायला फोन करणारी गिऱ्हाइकं माझं नुसतं ‘बोला’ ऐकून निम्मी थंड व्हायची, त्यामुळे सेल्सवाले माझ्यावर बेहद्द खूश असायचे.

हा आवाज माझ्या वडिलांचा. ते जयंतीच्या जलशात गायचे. माइक बंद पडला तरी मैदानाच्या टोकाला बसलेल्या माणसाला शब्द न् शब्द कळायचा. खरं तर हा आवाज माझ्या भावाला मिळायचा, पण टपाल चुकलं आणि माझ्या पत्त्यावर आलं. शाळेत मुली मला ‘अस्वल’ म्हणायच्या आणि मी घरी येऊन रडायची. पुढे खरोखरच अस्वल होऊन नाव काढीन असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्याला मी दगड मारला असता.

या अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं ते या अस्वलपणाबद्दल. गमतीजमती लिहा म्हणाले. गमती आहेत, त्या सांगतेच. पण एका दुपारी या आवाजावर एका पाच वर्षांच्या पोरीचा जीव अवलंबून होता, ते सांगितल्याशिवाय मला बाकीचं काही सांगता येणार नाही.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माझं काय करायचं, हा प्रश्न माझ्यापेक्षा माझ्या सुनेला जास्त पडला होता. तो सोडवला निखिलनं. निखिल म्हणजे गंगापूर रोडला एका इमारतीच्या तळघरात स्टुडिओ चालवणारा, माझ्या मुलाच्या वयाचा पोरगा. पूर्वी आमच्या कामगार नाट्यस्पर्धेच्या नाटकांना तो साउंड करायचा. एकदा सासऱ्याचं काम करणाऱ्याची ऐन प्रयोगाच्या दिवशी पाळी बदलली, तेव्हा मी विंगेतून सासरा बोलले होते आणि प्रेक्षकांतल्या कुणाला पत्ता लागला नव्हता. ते निखिलच्या डोक्यात राहिलं होतं. त्याच्याकडे परदेशात बनलेली एक कार्टून मालिका मराठी करायला आली. जंगलातले प्राणी बोलतात, भांडतात, चहाचं दुकान टाकतात, निवडणूक लढवतात आणि प्रत्येक वेळी तोंडावर आपटतात. मराठीत तिचं नाव ठेवलं ‘रानगडबड’. तिच्यात एक जाडजूड, चिडकी, प्रेमळ अस्वलीण होती. मुंबईच्या सगळ्या बायकांचे आवाज तिला नाजूक पडत होते.

“ताई, आवाज बदलायचा नाही,” निखिल म्हणाला. “आहात तशा बोला.”

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी असं सांगत होतं. अशी मी ढमामावशी झाले.

डबिंग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. काचेच्या खोलीत माइकसमोर उभं राहायचं. कानात मूळ परदेशी आवाज, समोर पडद्यावर चित्र, हातात मराठी संवाद. अस्वलाचं तोंड उघडलं की आपलं उघडायचं, मिटलं की मिटायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण त्यांची भाषा आणि आपली भाषा एका मापाची नाही. आपलं वाक्य संपतं आणि अस्वलाचं तोंड आपलं हलतंच आहे. मग काचेपलीकडून निखिल म्हणतो, “ताई, तोंड भरा.” म्हणजे कागदावर नसलेलं काहीतरी पदरचं घालायचं, तोंड मिटेपर्यंत. कधी ‘अगं बाई’, कधी ‘काय मेलं’, कधी अख्खं वाक्य. यात माझा हातखंडा होता आणि त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

दुसरी गोष्ट, आम्ही गोष्ट अशी सलग कधी पाहत नाही. माझी वाक्यं मी एकटी येऊन बोलायची. टिल्लू नावाच्या मुंगसाच्या पिल्लाची वाक्यं बोलणारी मुलगी दुसऱ्या दिवशी यायची. आणि धापा टाकणं, चावणं, ओरडणं, शिंकणं असल्या सगळ्या बिनशब्दांच्या आवाजांना आम्ही ‘रिॲक्शन’ म्हणतो; त्या एकदम शेवटी, दहा भागांच्या मिळून एका बैठकीत उरकायच्या. घसा बसला तरी मग हरकत नसते. ढमामावशीची शिंक प्रसिद्ध आहे, ती अशीच केलेली. आ... आ... आ... करत शिंक अगदी नाकाच्या शेंड्यापर्यंत येते आणि परत जाते, मग मावशी वैतागून म्हणते, ‘गेली मेली!’ ही शिंक कुठल्या भागात कशासाठी आहे, ते मला विचाराल तर माहीत नव्हतं. सगळ्यांचे तुकडे जोडून गोष्ट करायचं काम निखिलचं.

चॅनेलच्या एक बाई अधूनमधून येऊन बसायच्या. ढमामावशी ‘लय’ म्हणते हे त्यांना खटकायचं. “मुलं बिघडतील,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “बाई, अस्वल पाटावर बसून श्रीखंड खात नाही. ते लयच म्हणणार.” त्या हसल्या नाहीत, पण ‘लय’ राहिलं.

तर, नकल्याचा भाग. नकल्या हा एक लबाड पक्षी. त्याला सगळ्यांचे आवाज काढता येतात. टिल्लूच्या आईच्या आवाजात हाक मारून तो पिल्लाला बिळाबाहेर काढायला बघतो. ढमामावशी टिल्लूला झाडाच्या ढोलीत लपवते आणि सांगते, ‘इथून हलू नकोस. मी हाक मारल्याशिवाय बाहेर यायचं नाही.’ माझं वाक्य संपलं आणि अस्वलाचं तोंड चालूच. चांगलं ऐसपैस चालू.

“तोंड भरा, ताई.”

मी भरलं. “आई आली तरी नाही! बाबा आले तरी नाही! फक्त ढमामावशी!”

शेवटच्या ‘शी’ला तोंड असं काही चपखल मिटलं की काचेपलीकडे निखिलनं टाळी वाजवली. चॅनेलच्या बाईंनासुद्धा आवडलं. पुढे जिथे जागा मिळेल तिथे आम्ही ते घालत गेलो. निफाड तालुक्यातल्या एका शाळेनं मला स्नेहसंमेलनाला बोलावलं, तेव्हा मी माइकवर नुसतं ‘आई आली तरी’ म्हटलं आणि मंडपातली सगळी चिल्लीपिल्ली बेंबीच्या देठापासून ओरडली, ‘नाही!’ मी त्या दिवशी तरंगतच घरी आले. त्या शाळेच्या बाईंनी माझा नंबर घेऊन ठेवला होता.

त्यांचाच फोन आला तो उसाच्या तोडणीचा हंगाम होता. सकाळपासून मी रिॲक्शनच्या बैठकीला उभी होते. डरकाळ्या, किंकाळ्या, दरीत पडणं, सगळं करून घशाचं पार भरीत झालं होतं. रेकॉर्डिंग चालू असताना निखिल कधीच आत येत नाही. तो आला, हेडफोन माझ्या कानांवरून काढला आणि बाहेर ठेवलेला माझा फोन हातात दिला.

“मॅडम, तुम्ही आत्ताच्या आत्ता येऊ शकता का?” शाळेच्या बाई रडत होत्या. “आमच्या शाळेतली आरू उसात आहे. बिबट्याबी त्याच उसात आहे. ती कुणाला ओ देईना.”

त्यांनी मला जे तुटक तुटक सांगितलं आणि नंतर जे कळलं, ते असं. आरूचं घर मळ्यात, गावापासून लांब. बाप अंबडला कामाला, पहिल्या पाळीला गेलेला. आई योगिता अंगणात बसून बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती, आरू शेजारी खेळत होती. भरदुपारी उसातून बिबट्या निघाला आणि दारातल्या कुत्र्यावर आला. योगिता जिवाच्या आकांतानं ओरडली, “पळ!” पोरगी पळाली, पण घराकडे जायला मधे ते जनावर होतं. ती उलट्या बाजूला, बांधावरून थेट उसात शिरली. बिबट्यानं कुत्रं उचललं आणि तोही उसातच शिरला, थोडा अलीकडून.

आपल्याकडच्या उभ्या उसात हत्ती शिरला तरी दिसायचा नाही, तिथे एवढीशी पोर काय दिसणार? गाव गोळा झालं. हाका मारमारून सगळ्यांचे घसे बसले. वनखात्याची माणसं आली. एरवी फटाके लावून बिबट्याला दुसऱ्या अंगानं काढून देतात. पण पोर नेमकी कुठे आहे ते कळल्याशिवाय फटाका कसा लावायचा? जनावर बिथरून तिच्याच अंगावर गेलं तर? माणसं आत घालायची तरी तोच धोका. आत शिरायला निघालेल्या योगिताला चार बायकांनी धरून ठेवलं होतं. पोरीनं एकदा, फक्त एकदा आवाज द्यायला हवा होता. आणि ती गप्प होती. जमलेल्यांतले काही जण आता हळू आवाजात बोलायला लागले होते आणि त्याचा अर्थ योगिताला कळत होता.

तीच म्हणाली, “माझी पोर जिती हाय. ती ओ देणार नाय. तिला त्या टीव्हीतल्या अस्वलानं तसं सांगितलंय.”

लोकांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. पण तिथल्या वनरक्षक गायकवाड मॅडमच्या घरी लहान मूल होतं. त्यांनी मोबाइलवर तो भाग शोधला आणि गाडीच्या लाउडस्पीकरला लावला. उसाच्या फडावर माझा आवाज घुमला: ‘मी हाक मारल्याशिवाय बाहेर यायचं नाही. आई आली तरी नाही!’ मॅडमनी झटकन बंद केला, पण जे व्हायचं ते झालं होतं. न येण्याबद्दल तिला पुन्हा एकदा बजावून झालं होतं.

मग शाळेच्या बाईंना माझा नंबर आठवला. फोनवरूनच हाक मारून बघते, असं मी म्हटलं. त्यांनी फोन स्पीकरला लावला तर नुसती कर्कश शिट्टी वाजली आणि पलीकडे कुणीतरी ओरडलं, “बंद करा ते!”

निखिलनं गाडी काढली. नाशिक सोडेपर्यंत मी काही बोलले नाही. घसा वाचवायचा होता हे एक, आणि बोलायला तोंड नव्हतं हे दुसरं. माझ्या डोक्यात ते एकच वाक्य फिरत होतं. मी ते विचार करून लिहिलं नव्हतं. अस्वलाचं तोंड उघडं होतं म्हणून त्यात कोंबलं होतं. मला त्या वाक्याचा राग आला, स्वतःचा आला, मग त्या परदेशी चित्रकाराचा आला ज्यानं ते तोंड उगाचच जास्त वेळ हलवलं. चांदोरीपाशी उसाच्या ट्रॉल्यांची ही लांब रांग. निखिल हॉर्नवर हात ठेवून बसला. मी काच खाली करून एका ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं, “बाबा, जाऊ दे रे, पोरगी अडकलीय.” त्यानं माझ्याकडे बघितलं, उतरला आणि पुढच्या सगळ्यांना हातवारे करत गाड्या बाजूला घ्यायला लावल्या. माझा आवाज फाटून दोन ठिकाणी चिरकला होता. त्या आवाजाला ढमामावशी कोण म्हणेल?

पोचलो तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. अंधार पडला तर काही करता येणार नाही, हे गायकवाड मॅडमनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. बांधापलीकडे ऊस उभा होता.

योगिता माझ्यापुढे येऊन उभी राहिली. पंचविशीतली पोर असेल. मेथीची पानं अजून तिच्या साडीला चिकटलेली होती. ती रडत नव्हती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुम्हीच का ते अस्वल?”

“हो,” मी म्हटलं.

“तिला दिसू नका. बाई दिसली तर ती मानायची नाय.”

हे मला सुचलं नसतं. मॅडमनी उसाच्या कडेला उभी असलेली एक रिकामी ट्रॉली दाखवली. तिच्या आडोशाला मी बसले, माझ्या शेजारी निखिल, आणि आमच्या पुढे काठी घेऊन मॅडम. बाकी सगळ्यांना मागे घराकडे सरकवलं. योगिताला मात्र मॅडमनी बांधाजवळच्या बाभळीमागे उभं केलं. तिला मागे नेणं कुणालाच शक्य नव्हतं.

मी कोमट पाण्याचा घोट घेतला आणि हाक मारली. “आरूऽऽ!”

आवाज फुटला. पिचलेल्या बासरीतून निघावा तसा. मागे कुणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं. मी डोळे मिटले. ट्रॉली नाही, ऊस नाही, समोर पडदा आहे आणि त्यावर ते थोराड, चिडकं अस्वल उभं आहे, असं मनाशी आणलं. बेंबीपासून श्वास घेतला.

“आरू! ए टिल्ले! कुठं दडून बसलीस गं? ढमामावशी आली तुझी!”

या खेपेला आवाज निघाला. फडावरून गेला आणि विरला. काही नाही. मी पुन्हा हाक मारली. काही नाही.

तेवढ्यात उसाच्या आतून करवत ओढल्यासारखा आवाज आला. खर्र, खर्र. आमच्या उजव्या हाताला, फार लांब नाही. मॅडमची पाठ ताठ झाली. “आहे,” त्या कुजबुजल्या. “हाका थांबवू नका.”

बिबट्या मी जन्मात पाहिला नव्हता आणि त्याही दिवशी पाहिला नाही. पण तो आवाज ऐकून मला पळून जावंसं वाटलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी ट्रॉलीचं चाक घट्ट धरलं आणि पुन्हा हाक मारली.

“आरू, बाहेर ये बाळा. मावशी हाक मारतीय.”

आणि डाव्या बाजूनं, आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जवळून, बारीक आवाज आला.

“तू खरी कशावरून?”

बाभळीमागे योगितानं तोंडात पदर कोंबला. मॅडमनी मागे हात करून त्यांच्या माणसांना डावी बाजू दाखवली. पोर जिवंत होती, जागा कळली होती. पण ती हलत नव्हती, आणि तिच्या अन् त्या करवतीच्या मधे फार तर अंगणाएवढं अंतर असेल. आत शिरायला माणसं निघाली असती तर ती अजून आत सरकली असती. तिनं स्वतःहून यायला हवं होतं, ताबडतोब.

“अगं, मीच मावशी,” मी म्हटलं.

“नकल्या पण असंच म्हणतो.”

बरोबर होतं तिचं. गोष्टीत टिल्लूही हेच विचारतो. आणि मावशी त्याला काहीतरी खूण पटवते. काय खूण? मला माहीत नव्हतं! मी ढमामावशी असून मला माहीत नव्हतं. टिल्लूचा प्रश्न दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या मुलीनं, त्याच काचेच्या खोलीत येऊन विचारला होता आणि मी तेव्हा घरी भाजी चिरत होते. पाच वर्षांच्या पोरीला अख्खी गोष्ट पाठ होती आणि जिच्या तोंडून ती निघाली त्या बाईला तिच्यातले तुकडेच तेवढे ठाऊक होते.

मी निखिलकडे वळले. माझा चेहरा पाहून त्याला कळलं असावं. तो क्षणभर डोळे मिटून बसला, जसा तो तुकडे जोडताना बसतो.

“शिंक,” तो कुजबुजला. “ताई, शिंक! नकल्याला सगळं जमतं, शिंक जमत नाही. तो पूर्ण शिंकतो.”

आता घसा सोलवटलेला असताना शिंक आणायची आणि परत पाठवायची. खरी आली तर सगळंच संपलं, कारण मग मी नकल्या ठरणार. उजवीकडे पुन्हा खर्र झालं. मी मान वर केली.

“आ...” लांबवलं. “आ... आ...” आणखी लांबवलं. नाकात पाचटाची, उसाच्या वाळक्या पाल्याची, धूळ गेली होती आणि खरोखरच शिंक येऊ घातली होती. मी दोन बोटांनी नाक आवळलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तशीच ती गिळली. “गेली मेली!”

उसात कुणीतरी हसलं. एवढं बारीक हसणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मग पानं सळसळली आणि दोन सरींच्या मधून आरू बाहेर आली. फ्रॉक फाटलेला, हातापायांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. ती इकडेतिकडे अस्वल शोधत होती. योगिता बाभळीमागून कशी आली ते मला दिसलंच नाही; दिसली तेव्हा पोर तिच्या छातीशी होती आणि ती घराकडे धावत होती.

मी ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसले आणि रडायला लागले. तेवढ्यात आरूची किंकाळी आली. ती आईच्या खांद्यावरून मागे बघत, पाय झाडत ओरडत होती.

“मावशी! मावशी, तू बी ये! तिथं बिबट्या हाय!”

योगिताला तिला आवरेना. मी नाक पुसलं.

“तू हो पुढं!” मी कशीबशी मावशीच्या आवाजात ओरडले. “मी आलेच! मला काय खातोय तो, त्याचेच दात पडतील!”

तेव्हा कुठे ती गप्प झाली. मग फटाके वाजले. जनावर पलीकडच्या अंगानं ओढ्याकडे निघून गेलं असं मॅडम म्हणाल्या. पिंजरा लावायचं ठरलं. लोक निखिलला आणि मला चहा देत होते, पाठीवर थाप मारत होते, कुणी फोटो काढत होते. मी जरा सुखावलेही होते, कबूल करते. अंबडहून आरूचा बापही येऊन पोचला होता. गाडीकडे निघालो तेव्हा योगिता मागून आली. आता ती रडत होती.

“बाई, तुमचे लय उपकार झाले,” ती म्हणाली. “जलमभर इसरायची नाय. पण एक इचारू? ते ‘आई आली तरी नाय’ कशाला घातलं वं तुम्ही त्यात?”

मी तिला सांगायला लागले, की अस्वलाचं तोंड हलत होतं आणि माझे शब्द संपले होते. अर्ध्यातच मला माझं ऐकू आलं आणि मी थांबले.

“मी घसा फोडून हाका मारत व्हते,” योगिता म्हणाली. “आता म्हणली मला, आई, तुझं सगळं ऐकू येत व्हतं. पाचटात बसून ऐकत व्हती ती. माझीच हाक, आन् माझंच लेकरू घाबरलं तिला. आत्ता घरातसुद्धा मी नाव घेतलं तर बघत ऱ्हायली माझ्याकडं, ओ नाय दिली.”

“चुकलं माझं,” मी म्हटलं.

“मग तिला सांगा तसं. तुमच्या त्या आवाजात सांगा.”

घराच्या मागच्या दाराशी तिनं मला उभं केलं. दार लोटलेलं होतं. फटीतून दिसलं, आरू बापाच्या मांडीवर बसली होती, तिच्या ओरखड्यांना हळद लावणं चाललं होतं. घसा आता माझा राहिलाच नव्हता. तरी जेवढा उरला होता तेवढा गोळा केला.

“आरू, ए आरू. मावशी बोलतीय.”

आतली हालचाल थांबली. “तू आली? बिबट्यानं तुला काय केलं नाय ना?”

“काय करतोय तो मला. हे बघ, मावशी येडी हाय. मावशी लय मोठी चुकली. आईची हाक आली की ओ द्यायची. कुठंबी असलं तरी. आईची हाक नकल्याला जमत नाय. कुणालाच जमत नाय.”

आत हळदीची वाटी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“मावशी खरी असंल तर शिंक की,” आरू म्हणाली.

मी शिंकले नाही. अंगात त्राणच नव्हतं. मी दारावर कपाळ टेकलं आणि योगिताला खुणेनं सांगितलं, तुम्हीच बघा. ती पुढच्या अंगणात गेली. मला ती दिसत नव्हती. दोन दारांमधल्या त्या घरातून फक्त तिचा आवाज आला, बसलेला, चिरकलेला.

“आरूऽ!”

आतून काही आवाज नाही. मला वाटलं, आता मी कितीही भाग बोलले तरी हे भरून निघायचं नाही.

“ओ, आई!” आतून आलं. “काय गं?”

योगिताला काहीच काम नव्हतं. तिनं पुन्हा हाक मारली.